न्हाणीचा आडोसा

त्र्यंबकच्या रस्त्याला लागून आमचा मळा होता. वडील अंबडच्या एका कारखान्यात कामाला जायचे आणि उरलेल्या वेळात मेथी, कोथिंबीर, झेंडू करायचे. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला, उघड्यावर. एक फरशी आणि तिच्याभोवती बांबूंना बांधलेली गोणपाटं, एवढीच. नव्वदीच्या सुरुवातीला रस्ता रुंद झाला, भराव घालून उंच झाला, आणि एसटीच्या खिडकीतून न्हाणीच्या आत दिसायला लागलं.

मी नववीत होते. पहाटे अंधारातच आंघोळ उरकायचे. श्रावणातल्या एका सोमवारी उठायला उशीर झाला. अंगाला साबण लावलेला, तेवढ्यात वर एक जीप थांबली. चाक पंक्चर झालं होतं. चार-सहा बाप्ये उतरले. मी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर बसून राहिले. पाणी ओतलं तर आवाज होईल म्हणून तांब्यालाही हात लावला नाही. मग त्यातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "अरे, तिकडं नको बघू."

म्हणजे दिसलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर खोलीचं दार लावून नुसतं अंग पुसायला लागले, तेव्हा आईच्या ध्यानात आलं. भिंत बांधावी तर रस्त्याची मोजणी व्हायची होती, बांधलेली पाडावी लागली असती. म्हणून लवकर वाढणारं कुंपण लावायचं ठरलं, आणि जेवताना त्याचीच चर्चा सुरू झाली.

मेंदी वाढायला वर्षं घेते. शेराचं झाड झपाट्यानं वाढतं, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळाच जायचा, आणि धाकटा भाऊ दिसेल ते ओरबाडणारा. कण्हेरीच्या बियांत विष; तिचं नाव निघताच आत्या म्हणाली, "पोरीबाळींच्या घरात दाराशी कण्हेर नाय लावायची." वडील म्हणाले, "मग बेशरम लावू. चिखलात काडी खोचली की लागते. गुरं तोंड लावत नाहीत."

"गुरं तोंड लावत नाहीत म्हणजे त्यात काहीतरी वंगाळ असणारच ना?" आई म्हणाली. "आणि खाली पाटाची चारी आहे. पाण्यात पसरलं तर?"

"पसरलं तर उपटू. गुरांनी खाल्लं नाही तरच टिकंल." मग ते माझ्याकडे वळले. "इकडं ये, उभी राहा बरं." आडोसा किती उंच हवा, ते त्यांनी माझ्या डोक्याशी हात धरून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी मान वर होईना.

दिवाळीपर्यंत न्हाणी झाकून गेली. फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं आली. उजेडात आंघोळ करता येते याचं मला किती दिवस अप्रूप वाटत होतं!

पुढच्या पावसाळ्यात एक फांदी वाहत चारीत गेली असावी. त्याच्या पुढच्या वर्षी चारी दिसेनाशी झाली. खालच्या मळ्यांना पाणी पोचेना. त्यात उन्हाळा कडक, बांधावर हिरवं म्हणून तेवढं बेशरमच. शेजारच्या काकूंच्या शेळ्या त्याला तोंड लावायला लागल्या, आणि एकदा चटक लागल्यावर हाकलूनही हटेनात. त्यातली एक झोकांड्या खायला लागली. मान थरथरायची, तरी दावं तोडून तिकडेच धावायची. ती मेली तेव्हा काकू तिच्याजवळ बसून माणसासाठी रडावं तशा रडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे आमच्या अंगणात जमले. "कांदा जळाला आमचा. आजच्या आज उपटा," कुणीतरी आवाज चढवला. मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात आले आणि नेमकं तेव्हाच वडील म्हणाले, "घरात मोठी पोरगी हाय. हे उपटलं तर न्हाणी उघडी पडंल. रस्त्यावरनं दिसतं. काय करू?"

सगळ्या माना खाली गेल्या. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. मला वाटलं, आता या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मी त्या फरशीवर बसले आहे.

बोलल्या त्या काकू. "मग हे आधी सांगायचं ना, भाऊ. उद्यापासून पोरगी माझ्याकडं येईल. माझ्या न्हाणीला दार हाय."

न्हाणीभोवतीचं बेशरम निघालं, आणि कपडे बगलेत मारून मी रोज त्यांच्याकडे जायला लागले. त्यांच्या दाराशी शेळीचा रिकामा खुंटा होता. काकू बंबात पाणी तापवून ठेवायच्या. शेळीचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकदा दाराआडून म्हणाले, "काकू, तुमची शेळी माझ्यापायी..."

"शेळीला काय कळतंय गं? तू पाणी घे अंगावर, गार होतंय."

पावसाळ्याआधी मोजणी झाली, न्हाणीला भिंत उभी राहिली, आणि सगळी वस्ती बेशरम उपटायला चारीत उतरली. मीही उतरले. त्या दिवशी अंगणात असलेले सगळे बाप्ये आजूबाजूला होते. कुणी एका शब्दानं काही काढलं नाही, तरी मी दिवसभर मान वर केली नाही. उपटून बांधावर टाकलेल्या फांद्यांना तिथंच मुळं फुटली. पुढे कित्येक वर्षं ते पुरतं गेलं नाही.

माझं लग्न झालं, मी गंगापूर रोडला राहायला आले. दोन हजार सालानंतर खालच्या मळ्यांत प्लॉट पडले. एकदा मी माहेरी असताना तिथले एक निवृत्त गृहस्थ वडिलांकडे आले. चारीच्या टोकाशी उरलेलं झुडूप त्यांनी पाहिलं होतं. कुंपणासाठी त्याच्या फांद्या हव्या होत्या.

"नका लावू," वडील म्हणाले. "विषारी आहे. पाणी अडवतं, शेळ्या मारतं. आमचं सगळं करून झालंय."

"मग तुम्ही कशाला लावलंत?"

मी तिथंच, भाजी निवडत बसले होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"फुलं आवडली म्हणून," ते म्हणाले. "हौस, दुसरं काय."