कार्लाच्या लग्नाची बिअर

माझे दोघे भाऊ एकाच घरात राहतात आणि मधल्यामध्ये भरडली जाते मी. थोरला नॉर्बर्ट खाली, धाकटा एल्रॉय वर, मी मागच्या दोन खोल्यांत. तळघरात वडिलांचा जुना फ्रिज आहे, तो तिघांचा. त्यावरून या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नॉर्बर्टला त्यात बिअर ठेवायची असते आणि एल्रॉयला शिकारीचं हरीण.

नॉर्बर्ट मॅनिटोवॉकच्या गोदीत क्रेन चालवायचा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बायको कंटाळली आणि मुलीला, कार्लाला, घेऊन मिनिआपोलिसला निघून गेली. तेव्हापासून हा बोलतो तो फक्त बिअरबद्दल, आणि तेही चिडून. बिअरही त्याला लागरच हवी, महानखरेल. आधी गारव्यात आंबवायची, मग दोन-तीन दिवस बाहेर उबेला काढायची, नाहीतर तिला लोण्याचा वास राहतो. मग पुन्हा आत, गोठायच्या बेताला, चांगली महिनाभर. फ्रिजमध्ये मावतात दोन बुधले आणि फ्रिजला थंडी एकच, त्यामुळे एक आंबत असताना दुसरी मुरवता येत नाही. कोणती कधी आत, कोणती कधी बाहेर, यातच त्याचं वर्ष सरतं. आजारी पडायचं झालं तरी फ्रिज रिकामा बघून पडेल असा माणूस.

गेल्या उन्हाळ्यात कार्लाचा फोन आला. कित्येक वर्षांत पहिला. डिसेंबरात लग्न होतं, आपल्याच गावात, आणि तिला बापाकडून एकच गोष्ट हवी होती, त्याच्या हातची बिअर. फोन ठेवल्यावर नॉर्बर्ट माझ्याकडे पाठ करून बराच वेळ भांडी विसळत राहिला. नाताळची काळी बिअर, वसंतातली कडक बिअर, सगळं त्यानं रद्द केलं. फ्रिज फक्त लग्नासाठी.

सप्टेंबरात बुधले आत गेले. ठरल्या दिवशी त्यानं ते उबेला म्हणून घर तापवायच्या भट्टीशेजारी काढून ठेवले, आणि नेमकं त्याच संध्याकाळी एल्रॉयनं बाणानं भलंमोठं हरीण पाडलं. फ्रिज रिकामा दिसला, यानं भरून टाकला. सकाळी तळघरात जी जुंपली! नॉर्बर्ट म्हणाला, चार दिवस थांबता येत नव्हतं? एल्रॉय म्हणाला, हरीण काय तुझं वेळापत्रक वाचून येतं? बाहेर ऊन होतं, मांस नासलं असतं, हेही खरंच. दोन दिवसांत मी खाटकाकडे जागा बघितली असती. पण नॉर्बर्टनं दोन्ही बुधले उचलून मोरीत रिकामे केले, माझ्या डोळ्यांदेखत. मी कपाळाला हात लावला.

हरीण खाटकाकडे गेल्यावर त्यानं नव्यानं बिअर घातली आणि फ्रिजला साखळी बांधून कुलूप ठोकलं. या वेळी उबेला काढलीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बाहेर काढली की तो मेला आत शिरणार. राहू दे आतच."

अरे, कुलूप तुझं, किल्ली तुझ्या खिशात! पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. पिंपात भरताना त्यानं चव घेतली आणि तोंड पुसलं. मुरली की लोण्याचा वास जाईल, म्हणाला.

गेला नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कार्लानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाबांची बिअर आहे. पहिला घोट तिनंच घेतला. मग ग्लास हळूच खिडकीत ठेवला आणि हसली. तासाभरात सगळी रांग नवरदेवाकडच्या विकतच्या पिंपापाशी. नॉर्बर्टच्या पिंपापाशी एकटा एल्रॉय, ज्यानं उभ्या जन्मात भावाची बिअर चाखली नव्हती. चौथा ग्लास चालला होता त्याचा. तोंड वाकडं होत होतं, पण पीत होता.

नॉर्बर्टनं त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. "तू पिऊ नकोस. तू प्यायलास की सगळ्यांना कळतं, ती बिघडलीय."

"कळलंय त्यांना," एल्रॉय म्हणाला. "उरलेली परत घरी नेणार आहेस का?"

नॉर्बर्टनं पिंप उचललं. दुसऱ्या बाजूनं धरायला एल्रॉय पुढे झाला, तर त्यानं कोपरानं ढकललं. एकटाच ओढत मागच्या अंगणात नेलं आणि बर्फात ओतायला लागला. बारीक तोटी, जवळजवळ भरलेलं पिंप, वेळ लागणारच. मी दारात उभी राहून म्हटलं, सोड आता, आत चल. ऐकेल तर नॉर्बर्ट कसला.

तेवढ्यात आत अकॉर्डियन थांबलं आणि वडील-मुलीच्या नाचासाठी पुकारा झाला. कार्लानं दोनदा हाक मारली. मी त्याला ओरडून सांगितलं, तो म्हणाला, "आलो, एवढं संपू दे." सगळे दाराकडे बघत होते. पोर मधोमध एकटी उभी. शेवटी एल्रॉय पुढे झाला आणि त्यानं तिचा हात धरला.

बूट ओले झालेला नॉर्बर्ट दारात आला तेव्हा ती काकाच्या खांद्यावर डोकं टेकून नाचत होती. मी म्हटलं, "जा ना रे, गाणं अजून चालू आहे. एल्रॉय सोडेल तिला."

तो गेला नाही. गाणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.