पखवाज आणि हिरवं वर्तुळ

"कसे आहात?" असं कुणी विचारलं की आबा डावा हात पुढे करायचे. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. "माका काय इचारतंस? ह्येका इचार."

भांडुपच्या टेकडीवरल्या आमच्या चाळीत हे वाक्य पोराटोरांना पाठ होतं. आबा आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले, मी पेटीवाला. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मुलगा, आबांच्या मालवणीत झील, बोरिवलीला. भांडुप ते बोरिवली म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, पण तो गणपतीला यायचा आणि आरती आटोपली की त्याला ट्रॅफिकची आठवण व्हायची.

आबांचं हृदय कमजोर झालं तेव्हा त्यानेच हे घड्याळ आणलं. अंधेरीच्या एका हॉस्पिटलची योजना होती. रुग्ण किती चालला, ठोके कसे पडले, सगळं घड्याळातून डॉक्टरांकडे जायचं आणि मुलाच्या फोनवरही दिसायचं. आबा चालायला लागले की त्याला तसा निरोप जायचा. दिवसाचं चालणं पुरं झालं की एक वर्तुळ हिरवं व्हायचं, आणि मग मुलाचा फोन यायचा. "बाबा, झकास! असंच चालू ठेवा." वर्तुळ अर्धवट राहिलं तर फोन नाही.

सुरुवातीला आबा खरंच चालले. टेकडी उतरून मार्केटपर्यंत जायचे, परत चढायचे. पुढे चढताना दम लागायला लागला. चालणं थांबलं, आणि फोनही थांबला.

एका गुरुवारी भजन संपतं न संपतं तोच आबांचा फोन वाजला. "बाबा, आज तर कमाल केलीत!" भजनाखेरीज आबा दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पखवाजाकडे, आणि पखवाजाला लावलेल्या कणकेने माखलेला डावा हात तोंडावर धरून इतके हसले की खोकला लागला. पखवाजावर पडणारा हात घड्याळाने पाऊल म्हणून धरला होता.

त्या दिवसापासून आबा रोज दुपारी पखवाज घेऊन बसायला लागले. डाव्या तोंडाला कणीक लावायची आणि घाम फुटेपर्यंत वाजवायचं. शेजारपाजारचे कुरकुरले. मीही म्हटलं, "आबा, कुणाला फसवताय?"

"फसवतंय खय? झील फोन करता. तुका काय त्रास?"

मग पाय सुजले. चपलेत जाईनात. त्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर मोबाईलवर व्हिडिओत दिसले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. डॉक्टर आकडे पाहून खूश. "एवढं चालताय म्हणजे हृदय उत्तम साथ देतंय. अंगातलं पाणी काढायची गोळी आता अर्धी घ्या." मी मध्येच म्हणालो, "डॉक्टर, यांचे पाय बघा, आणि हे चालत नाहीत, पखवाज..." आबांनी लेंगा खाली ओढला आणि मला कोपर मारलं. "एवढं चालल्यावर पाय थोडे सुजणारच," म्हणून डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

"आबा, खरं का नाही सांगत?" मी भडकलो.

"आणि मगे झील फोन कित्याक करतलो?"

मी मुलालाच फोन लावला. सगळं सांगितलं. तो हसला. "काका, एवढं महागाचं घड्याळ आहे. चालणं आणि वाजवणं कळत नाही होय त्याला?"

"मग तू येऊन बघ ना रे त्यांचे पाय!"

"येतो ना, रविवारी येतो."

हॉस्पिटलला फोन केला तर तिथल्या मुलीने विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" नव्हतो. रविवारही तसाच गेला.

आबांना आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून बसायचे. दुपारी मात्र पखवाज वाजायचा. एके दुपारी तो मध्येच थांबला. मी धावलो. चाळीतल्या लोकांनी उचलून रिक्षात घातलं, पण फुप्फुसांत पाणी भरलं होतं. आबा परत आले नाहीत.

तेराव्याला मुलगा सगळ्यांना मोबाईल दाखवत होता. "बघा ना काका, शेवटच्या दिवसापर्यंत चालत होते बाबा." घड्याळ चार्ज करून त्याने खिशात ठेवलं होतं. सासऱ्यांना देणार होता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खुंटीवरचा पखवाज काढून मी त्याच्या मांडीवर ठेवला. घड्याळ त्याच्याच मनगटावर बांधलं. पट्ट्याच्या भोकांत कणीक वाळून बसली होती.

"वाजव."

"काका, मला येत नाही."

"येत नसलं तरी चालतं. वाजव."

माझ्या चेहऱ्याकडे बघून तो निमूटपणे वाजवायला लागला. बेताल, नुसताच. थोड्या वेळाने सतरंजीवर पडलेला त्याचा मोबाईल उजळला. त्यावर निरोप होता, बाबा चालायला निघाले आहेत.