धुऱ्यावरचे पऱ्हे आणि मोठेबाबांचा फोन

मोठेबाबा वरठीला राहायला जाणार हे ठरलं तेव्हा रोवणी आटोपून आठवडा झाला होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा तिथल्या पोलादाच्या कारखान्यात आहे. त्याला तळमजल्यावर घर मिळालं आणि मोठेबाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला. आमच्या गावाचा, दिघोरीचा, प्रश्न त्याच दिवशी सुरू झाला. गावाच्या लहान तलावाखाली आमची एक धरून वेगवेगळ्या घरांच्या चौदा बांध्या आहेत, म्हणजे चारही बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेले धानाचे तुकडे. दसऱ्याच्या सुमारास पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा कोणत्या बांधीला कोणानंतर पाणी सोडायचं हे चाळीस वर्षं फक्त मोठेबाबांना ठाऊक होतं. गावाने ते काम माझ्याकडे दिलं. माझी पात्रता एका वाक्यात सांगितली गेली: हा दिवसभर घरीच असतो.

ते खरं आहे. मी घरी बसून लोकांसाठी कॉम्प्युटरवरचे गेम तयार करतो. गावात याला काम म्हणत नाहीत, पण वाईटही म्हणत नाहीत.

मोठेबाबांना मी पाण्याचा क्रम वहीत उतरवून द्यायला सांगितला. ते म्हणाले, पाणी पाहिजे तिथं जातं, आपण आडवं येऊ नये. खोदून विचारलं तर चार बांध्यांपर्यंत यायचे आणि म्हशीकडे बघत राहायचे. बसून त्यांना आठवत नव्हतं. धुऱ्यावर उभं राहिल्यावर पाय आपोआप वळायचे, आणि आता पायच वळत नव्हते. म्हणून मी ठरवलं की या चौदा बांध्यांचा एक गेम करायचा. बोटाने धुरा फोडला की पाणी पुढे जाणार. मोठेबाबा तो आपल्या फोनवर चार दिवस, आठवेल तसा खेळणार, आणि कोणता धुरा कधी फोडला ते गेम लक्षात ठेवणार. ते रविवारी जाणार होते. माझ्याकडे बारा दिवस होते.

गेम इंजिन म्हणजे गेम तयार करण्याचं आयतं सामान. चित्र उमटवणं, बोट कुठे टेकलं ते ओळखणं, ही कामं ते करतं. पाणी उतारावरून कसं जातं ते माझ्या इंजिनला येत नव्हतं. अशा वेळी दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड आणून आपल्या प्रोजेक्टमध्ये बसवतात. त्याला लायब्ररी म्हणतात. लायब्ररीच्या माहितीच्या पानावरची भाषा आमच्याकडच्या सत्काराच्या फ्लेक्ससारखी असते: वेगवान, भक्कम, पाच मिनिटांत सुरू. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक आवृत्तीच्या पुढे चालेल याची हमी नाही. फ्लेक्सवर निदान तेवढाही प्रामाणिकपणा नसतो.

पाण्याची पहिली लायब्ररी समुद्रासाठी लिहिलेली निघाली. माझ्या बांध्यांत लाटा आल्या. दुसरी बरी होती, पण तिला स्वतःच्या मदतीला आणखी दोन लागत होत्या. इंजिन मराठी अक्षरं मोडून दाखवत होतं, म्हणून अक्षरांसाठी एक आणली. नकाशासाठी एक आणली, ती पटली नाही, मग दुसरी आणली. आठव्या दिवशी गेम माझ्या फोनवर चालला. त्यात पाणी पाण्यासारखं वाहत होतं. मला बरं वाटलं आणि मी चहा प्यायलो.

मोठेबाबांच्या फोनने मात्र जागा नाही म्हणून गेम घ्यायला नकार दिला. त्यांच्या फोनमध्ये दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, व्हिडिओ ठासून भरलेले आहेत. नातेवाइकांनी पाठवलेल्या सूर्योदयांवर त्यांनी पाणी सोडलं, दंडारीला हात लावू दिला नाही. माझा फोन देऊ केला, तर तो त्यांनी दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा धरला आणि लगेच परत केला.

मग मी गेमचं पोट तपासलं. आणलेली एकही लायब्ररी मी काढली नव्हती. समुद्रवाली होती, न पटलेला नकाशा होता, त्यांच्याबरोबर आलेलं लटांबरही होतं. शहरातल्या माणसाने हे आळसापोटी केलं असतं. मी हे संस्कार म्हणून केलं होतं. आमच्याकडे रोवणीला धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, कमी पडले की शेजाऱ्याकडून आणतात. उरले तर परत नेत नाहीत आणि फेकत तर अजिबात नाहीत. पेंढ्या धुऱ्यावर ठेवून देतात. ज्याला कमी पडले तो उचलून नेतो. हे मला मोठेबाबांनीच शिकवलं होतं. दुसऱ्याने मेहनतीने वाढवलेलं फेकायला माझा हात होत नव्हता, मग तो दुसरा सातासमुद्रापलीकडचा का असेना.

मी हे मोठेबाबांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"धुऱ्यावर कई ठेवले होते तू?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," ते म्हणाले. "अरे, चार दिवसांनी ते पऱ्हे राहते का? सडून जाते. मंग मी सोता उचलून खातात टाकतो. तुले अर्धंच सांगतलं का मी?"

"अर्धंच सांगतलं."

"मंग अर्ध्यावर शाना झाला तू," असं म्हणून ते म्हशीकडे वळले.

खातात, म्हणजे शेणखताच्या ढिगात, टाकणं सोपं नव्हतं. न पटलेला नकाशा काढला तर पाणी थांबलं, कारण पाणीवाली लायब्ररी त्याच्याच बरोबर आलेली एक लहान फाइल चोरून वापरत होती. ती फाइल ठेवून बाकीचं काढलं. समुद्र गेला. एकच लायब्ररी दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत दोनदा येऊन बसली होती, त्यातली जुनी गेली. प्रत्येक वेळी गेम नव्याने बांधायचा, चालतो का पाहायचा. या कामात एक शांत सुख आहे, घर झाडल्यासारखं. गुरुवारी दुपारी गेम मोठेबाबांच्या फोनमध्ये शिरला. दंडार शाबूत राहिली.

तीन दिवस ते गोठ्यापाशी बसून धुरे फोडत होते. मधेच हसत. एकदा कुणाला तरी शिवी दिली. तो पाणी चोरणारा कोणी जुना शेजारी असावा.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. सामान चढत असताना मी फोन मागून क्रम पाहिला. चौदाच्या चौदा बांध्या होत्या. पाचवी चौथीच्या आधी होती; विचारलं तर म्हणाले, तिचा धुरा झिरपतो आणि चौथी अर्धी फुकट भरते. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पण आमची बांधी तलावाला लागून आहे. मी गेममध्ये पाणी तिच्यातूनच सुरू केलं होतं, आणि मोठेबाबांनी तिला बाजूने वळसा घालून चौदाव्या नंबरावर टाकलं होतं.

मी म्हटलं, "मोठेबाबा, हे चुकलं. आपली पहिली लागते."

"तलावाले पहिली लागते," ते गाडीत बसत म्हणाले. "पाणी वाटणाऱ्याची शेवटी. नाई तं कोन आयकन तुयं?"

"आणि तोवर पाणी संपलं तर?"

"तीनदा संपलं. तुया बापाले इचार."

वडील बाजूलाच उभे होते. त्यांनी गाडीचा दरवाजा लावायला नको तेवढा वेळ लावला.

गाडी गेल्यावर मी आत येऊन गेममध्ये मी लिहिलेल्या क्रमाच्या यादीत आमची बांधी पहिल्या ओळीवरून उचलली आणि तळाशी ठेवली. या कामाला कोणतीही लायब्ररी लागली नाही. दुपारी वरठीहून फोन आला. घर चांगलं आहे, म्हणाले, पण गेममध्ये म्हैस नाही. तेवढी टाकून पाठव. मी विचारलं, जागा आहे का फोनमध्ये? ते म्हणाले, दंडारीचा एक व्हिडिओ दोनदा आलेला आहे, त्यातला जुना काढतो.