फाटकावर आडवी झालेली काठी

गुंडूच्या रेल्वे फाटकावरून दिवसाला जेवढ्या गाड्या जात, त्याच्या दुप्पट शिव्या त्याला बसत. गाडीतले नोकरदार गाडी लेट म्हणून कावायचे, रस्त्यावरचे लोक फाटक बंद म्हणून. वर्षभरापूर्वी रुळांवर विजेच्या तारा चढल्या, गाड्या वाढल्या, आणि फाटक उघडं राहणं आणखी कमी झालं. बावीस वर्षांच्या नोकरीत गुंडूचे कान निबर झाले होते. तो हसून सोडून द्यायचा.

त्या सकाळी मात्र तो केबिनमधून पळत बाहेर आला. जोतिबाच्या यात्रेला निघालेली त्याच्याच गावची सासनकाठी फाटकाशी येऊन थांबली होती. तीस फुटांचा कळकाचा बांबू, आणि त्याचा बुंधा पोटाशी धरलेला त्याचा थोरला भाऊ गणपतराव. गावातून उभी निघालेली काठी डोंगर गाठेपर्यंत आडवी करायची नाही, ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत. आणि रुळांवरची तार होती वीस फूट उंचीवर.

"दादा, आडवी कर! वर करंट हाय!" गुंडू ओरडला.

मिरजेची पॅसेंजर धडधडत निघून गेली. गणपतराव हसला. "गेली की गाडी! आता कसला करंट?"

"गाडी असू दे न्हायतर नसू दे, तारंत करंट कायम असतोय!"

पण ऐकतो कोण? हलगी कडाडत होती, मागं दुधाचे टेम्पो हॉर्न वाजवत होते. केबिनमधला फोन खणाणला. पाठोपाठ दुसरी गाडी येत होती, फाटक बंदच ठेवायचं होतं. गुंडू फोन घेतोय तोवर मोटारसायकली घुसतात त्या कडेच्या फटीतून गणपतराव काठीसकट आत शिरला. तार पाच पावलांवर राहिली.

गुंडू फोन टाकून धावला. "मागं सरका!" ओरडत त्यानं काठी सावरायचा मागचा दोर हिसकला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. माणसं बाजूला पळाली आणि काठी धाडकन रस्त्यावर आडवी झाली. हलगी थांबली.

गणपतरावानं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत लगावली.

"मार," गुंडू म्हणाला. "पर पाप माझ्या हातानं झालं म्हणून देवाला सांग. आता आडवीच न्या."

गाडी गेल्यावर काठी आडवीच गेली. गणपतराव त्या दिवसापासून गुंडूशी एक शब्द बोललेला नाही.

"सख्खा भाऊ हाय, जाऊन पाय धरा," त्याची बायको झुंबरबाई परवा पुन्हा म्हणाली.

गुंडू उंबऱ्यात बसून रस्त्यानं जाणाऱ्या भावाकडं बघत होता.

"बोलंना तर ऱ्हायलं," तो म्हणाला. "हिंडतोय न्हवं?"