हिलालभाऊंची जीप

शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात हिलाल पाटलांच्या घरापुढं कारखान्याची जीप थांबली की सगळी गल्ली ओट्यावर यायची. हिलालभाऊ आधी दाढी करत, मग कोरी टोपी, मग चहा. ड्रायव्हर मिथुन घाई करू लागला की म्हणत, "बठ रे. मन्हाबिगर मिल चालू व्हनार शे का?" नव्हतीच होणार. बावीस हंगाम हेच चालत आलं होतं.

साखर कारखान्यात हिलालभाऊ म्हणजे कॉम्प्युटरवाले. जिथं जिथं ऑपरेटर पडद्याकडे बघून मिल नाहीतर बॉयलर चालवतो, तिथं तिथं टेबलाखाली एक मोठा डबा असायचा. डब्याला पंखा, आणि कारखान्यात हवेपेक्षा उसाचा भुसाच जास्त. पंखा तो इमानानं आत ओढायचा, मिलच्या हादऱ्यांनी डिस्क खिळखिळी व्हायची, आणि उरलंसुरलं काम ऑपरेटरांच्या पेनड्राइव्हमधले सिनेमे करायचे. डबा बसला की सहा तास मिल बंद. उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. कोणत्या डब्यात कोणता प्रोग्राम भरायचा हे भाऊंनी कधी कागदावर लिहिलं नाही. तीन इंजिनिअरांनी वही मागितली. तिघांनाही "डोकामा शे" एवढं सांगून भाऊंनी त्यांना सुखानं निवृत्त होऊ दिलं.

त्या सहा तासांत खुद्द चीफसाहेब त्यांच्यासाठी चहा घेऊन येत. आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते, असं कोणी विचारलं असतं, तर भाऊंनी बिघाडांच्या तारखा सांगितल्या असत्या.

मग कामिनी मॅडम आल्या. नवापूरच्या, तिशीच्या आतल्या, हळू बोलणाऱ्या इंजिनिअर. त्यांनी टेबलांखालचे डबे काढले आणि पडद्यांमागे वहीएवढी खोकी अडकवली. थिन क्लायंट म्हणे. आत पंखा नाही, डिस्क नाही, पेनड्राइव्ह घालायला जागा नाही. सगळे प्रोग्राम ऑफिसातल्या बंद, थंड खोलीत दोन सर्व्हरांवर. एक बसला तर दुसरा तयार. खोकं नुसतं तिथलं चित्र इथं दाखवणार.

"आणि हे खोकं मेलं तर?" भाऊंनी मोठ्या आशेनं विचारलं.

"दुसरं जोडायचं. तोच पडदा होता तिथून पुढं सुरू. कोणीही जोडेल, भाऊ. तुळशीबाईसुद्धा."

तुळशीबाई कंट्रोल रूम झाडायच्या. त्या झाडू थांबवून हसल्या, आणि ते हसू भाऊंच्या जिव्हारी लागलं. पगार कापणार नव्हतं कोणी, खुर्चीही तीच राहणार होती. पण जीप?

भाऊंनी एक काम चोख केलं. जास्तीची तीन खोकी, ज्यांना भुशाचं काडीचंही भय नव्हतं, ती "भुसा लागेल" म्हणून लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप ठोकलं आणि चावी करदोड्याला बांधली. मग पाठ धरल्याची रजा टाकून घरी बसले. बघू तुळशीबाई मिल कशी चालवते ते.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. भाऊ रोज दाढी करत. ओट्यावरून कारखान्याचं धुराडं दिसायचं आणि त्यातून धूर येतच होता. बावीस वर्षांत भाऊंना त्या धुराचा पहिल्यांदाच राग आला.

"पाठ दुखी ऱ्हायनी ना तुमनी," बायको गजराबाई म्हणाल्या, "मंग दिवसभर रस्ताकडे काय देखी ऱ्हायनात?"

एकोणिसाव्या दिवशी सकाळी जीप आली.

"ऑपरेटरना हातथून रसना गिलास सांडना खोकावर," मिथुन धापा टाकत म्हणाला. "मिल बंद शे."

भाऊंची पाठ जागच्या जागी बरी झाली. टोपी आली, चहा आला. गल्ली ओट्यावर जमली. भाऊ जीपच्या पुढच्या सीटवर बसले, तेव्हा मिथुन खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्ही आराम करा. मॅडमनी फक्त कपाटनी चाबी मांगेल शे."

भाऊंचा हात टोपीवरच राहिला. समोरच्या ओट्यावरून शेजारीण सुगंधाबाई ओरडल्या, "बलावनं उनं ना, भाऊ?"

"हां तं!" भाऊ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मिथुनकडे न बघता पुटपुटले, "चाल. फाटालगून चाल."

गावाबाहेर फाट्यावर ते उतरले. करदोड्याची गाठ सुटता सुटेना. मिथुन भला माणूस, तो उसाकडे बघत राहिला. चावी घेऊन जीप गेली. भाऊ टोपी खिशात कोंबून केळीच्या बागेतून बांधाबांधानं मागच्या दारी आले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि कोणावर रागवावं तेही कळत नव्हतं. गजराबाईंनी ताट वाढलं.

जेवण गेलं नाही. भाऊंनी मिथुनला फोन लावला.

"किती येळ लागना?"

"पाच मिनिट. चार ते कुलूप उघडामाच गयात."

"जोडं कोनी?"

"तुळशीबाईनी."

भाऊंनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "तिले चहा पाजा का कोनी?"

"हां," मिथुन म्हणाला. "खुद्द चीफसाहेब चहाना कप लिसन उनात."