मशीनच्या घरचा आकडा

मोघे मॅडमच्या प्रयोगशाळेत 'जास्त' म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी आनंदानं ओरडले, "मॅडम, आज चमक खूप जास्त आली!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणापेक्षा?" मी वही चाळू लागले. "मग काहून ओरडून राहिली?"

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्या विभागात नवं यंत्र आलं होतं. कोंब आलेल्या धानातलं एन्झाइम जितकं काम करी, तितकी नळीतली चमक वाढे. यंत्र ती आकड्यात दाखवी. त्या आकड्यावर मॅडमचा काडीचा विश्वास नव्हता. "हा मशीनच्या घरचा आकडा. दुसऱ्या मशीनच्या घरी त्याले कोणी ओळखत नाही." म्हणून दरवेळी ठरलेल्या मात्रेचा चमकता रंग शेजारी मोजायचा आणि त्याच्याशी ताडूनच बोलायचं. कोणी साध्या पाण्याला ब्लँक, म्हणजे तुलनेची कोरी नळी, म्हटलं, की मॅडम ती नळी हातातून काढून घेत. "ब्लँकमध्ये सगळं पाहिजे, मोजायचं तेवढंच नको. हे तं पाणी आहे, तुळशीले घाल!"

ब्राह्मणपाऱ्यातला भाजीवालाही यातून सुटला नाही. "दीदी, भाटा एकदम ताजा है," तो म्हणाला. "किससे ताजा?" बिचारा खरं बोलून गेला, "कल वाले से." मॅडम इतक्या खूश झाल्या, की सगळी वांगी घेऊन आल्या आणि आम्हाला आठवडाभर भरीत खावं लागलं. मला त्यांचा तेव्हा फार राग येई आणि त्याहून जास्त लळा होता.

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध मिटला. "पुराने लोगों के काम में तो आंकड़ा हजारों में आता था. आपका इतना कम? प्रयोग ही गड़बड़ लगता है." इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात बुडत होती. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. का कोण जाणे, मी हात वर केला. "मॅडम, तुम्ही बसा. मी सांगते." त्या बसल्या. मी सरांना म्हटलं, "सर, वो नंबर उनकी मशीन का है, ये हमारी का. दोनों को रंग की मात्रा में बदलकर देखिए." त्यांनीच कागदावर हिशेब मांडला. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी निघाली. सर मोकळेपणानं हसले आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी मॅडम स्कूटरवरून थेट आमच्या रेल्वे क्वार्टरवर आल्या. बाबांना म्हणाल्या, "तुमच्या पोट्टीनं आज सगळ्यांसमोर मले खाली बसवलं."

बाबा घाबरले. त्यांनी हात जोडले. "लहान आहे, मॅडम. माफ करा तिले."

"माफ काहून करू?" मॅडमनी बाबांचे जोडलेले हात खाली केले. "याच्यासाठीच तं शिकवत होती मी तिले."