तार ओढून पाहणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला माझा बोर्ड चोरला. चोरला हाच शब्द बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी C मध्ये लिहिलेला प्रोग्राम धड चालत होता. टेबलावरच्या तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डावर बारका लाल दिवा उघडझाप करत होता, पडद्यावर 'दिवा लागला, दिवा विझला' अशा ओळी पडत होत्या, आणि मी शेजारच्या टेबलाकडे जरा तोऱ्यातच बघत होते. तेवढ्यात मॅडम आल्या, बोर्डाची तार उपटली, बोर्ड आपल्या पर्समध्ये टाकला नि चेन लावली. मी आ वासून बघत राहिले. पडद्यावर आपलं 'दिवा लागला, दिवा विझला' चालूच.

"कुठी लागला वं दिवा?" मॅडमनी विचारलं. "माह्या पर्समधी?"

सगळा वर्ग हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शिकवणाऱ्या बाईंनी असं वागावं आणि वर असं बोलावं, याचाच मला जास्त धक्का बसला होता. मी देऊळगाव राजाची, आमच्याकडे बोलणं जालन्याकडं झुकतं. कॉलेजात म्हणजे पुस्तकातलं बोलायचं असं घरून बजावून पाठवलेलं. आणि या उंद्रीच्या मॅडम, चिखलीजवळच्या आमच्या कॉलेजात, एवढ्या शिकलेल्या, फळ्यासमोर उभ्या राहून बिनदिक्कत 'काऊन' आणि 'तुले-मले' करत होत्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बोर्डाला आपण थेट हात लावत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बसलेला असतो. आपण त्याला सांगायचं, उघड, लिही, वाच, आता मीट. प्रत्येक वेळी तो एक आकडा परत देतो, आणि आकडा उणे आला की समजायचं, काम झालेलं नाही. आम्ही सगळे सांगून मोकळे व्हायचो, परत आलेला आकडा बघायचाच नाही. त्या परत आलेल्या आकड्यावरून त्यांचं नाव पडलं, रिटर्न मॅडम. त्यांना ते माहीत होतं नि आवडतही होतं असं मला वाटतं.

हे त्यांचं खूळ वर्गापुरतं असतं तरी चाललं असतं. कॅन्टीनवाल्याला चहा सांगितला की त्या म्हणायच्या, काय सांगतलं मी, म्हण बरं परत. शिपायाला, प्राचार्यांना, बसच्या कंडक्टरला, कुणालाही सोडायच्या नाहीत. प्राचार्य त्यांना बघून वाट बदलायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जिथं तिथं तार ओढून बघायच्या. आमचा कुठलाही प्रोग्राम चालला की शाबासकी राहिली बाजूला, आधी त्यांचा हात तारेकडे जायचा. आम्ही मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडायचो.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी त्यांनी आम्हा तिघींना उंद्रीला घरी नेलं तेव्हा या खुळाचं मूळ कळलं. मॅडमचे भाऊ शेतात गेलेले होते. दारात त्यांच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी 'जयभीम' म्हणून डावा हात छातीशी नेला आणि उजव्या बाहीतून मनगटाच्या पुढे काहीच बाहेर आलं नाही. कुठं बघावं कळेना. अंगणात कडबाकुट्टीचं, म्हणजे गुरांसाठी कडबा कापायचं मशीन होतं, विजेवर चालणारं. त्यानंच तो हात नेला होता, वहिनी नवी नवरी असताना. त्याहून मोठा धक्का पुढे होता. पाणी देऊन झाल्यावर त्याच वहिनींनी कडब्याची पेंढी काखेत धरली, बटण दाबलं आणि उरलेल्या डाव्या हातानं त्याच मशीनच्या तोंडात कडबा सारू लागल्या. म्हशी थांबत नाहीत ना कुणासाठी. मॅडम आमच्याकडे बघत म्हणाल्या, "हा हात वाचवाचा हाय."

प्रोजेक्ट असा ठरला. वहिनींच्या मनगटाला लोहचुंबक शिवलेली एक पट्टी. मशीनच्या तोंडाशी एक सेन्सर. पट्टी जवळ आली की सेन्सर बोर्डाला सांगणार आणि बोर्डानं मोटारीची वीज तोडून ब्रेक लावायचा. वाचायला सोपं वाटतं. आमचा अख्खा हिवाळा त्यात गेला. ड्रायव्हर मॅडमनी लिहिला, वरचा प्रोग्राम आम्ही. कॉलेजच्या शेडमध्ये जुनं मशीन आणून आम्ही मुळ्याला पट्टी बांधायचो नि तोंडात सारायचो. सुरुवातीला मुळ्याच्या चकत्या व्हायच्या. मग अर्धा वाचायला लागला. मग एक दिवस अख्खा मुळा जसाच्या तसा बाहेर आला आणि आम्ही तिघी शेडमध्ये नाचलो. मॅडमही हसल्या. त्या दिवशी त्यांनी तार ओढून पाहिली नाही, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

उंद्रीला वहिनींच्या अंगणात दाखवायचं ठरलं. प्राचार्य आले, गाव गोळा झालं, अमडापूरचे एक शेतीयंत्रांचे व्यापारी मोटारसायकलवर आले. त्यांना आमचं यंत्र विकायला घ्यायचं होतं. मुळा घातला, मशीन थांबलं. परत घातला, परत थांबलं. टाळ्या. व्यापाऱ्यानं प्राचार्यांना तंबाखूची चंची पुढे केली, म्हणजे जमलंच म्हणायचं. आणि मग वहिनी पुढे आल्या. त्या मॅडमना शांतपणे म्हणाल्या, "मुळा नाही कापल्या गेला, पाह्यलं मी. आता तुहा हात घाल."

मॅडमनी पट्टी आपल्या मनगटाला बांधली. मशीन सुरू केलं. हात तोंडापाशी नेला. आणि मॅडमनी हात मागे घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मशीन तयार नाही."

त्यांनी सेन्सरची तार हातात धरली आणि सगळ्यांसमोर उपटली. पट्टी मुळ्याला बांधली नि मुळा आत सारला. खच खच खच. पलीकडे मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या पडल्या, बरोबर चिंध्या झालेली पट्टी. गर्दीतली एक बाई 'अगं बया' म्हणून मटकन खाली बसली. प्राचार्यांचा चेहरा तांबडालाल. हे आजच, इथंच दाखवायची काय गरज होती, असं ते ओरडून विचारू लागले. व्यापारी केव्हा निघून गेले कळलंही नाही. आम्ही तिघी रडत होतो, रागानं. इतक्या महिन्यांची मेहनत या बाईनं आपल्या हातानं मातीत घातली असंच मला वाटत होतं, आणि ते मी तोंडावर बोललेही.

गावानं काढता पाय घेतला. वहिनींनी मात्र त्या चकत्या वेचल्या, धुतल्या, मीठ-तिखट लावलं नि ताटलीत घालून आमच्यापुढे ठेवल्या. आमचा कुणाचा हात पुढे होईना. मॅडम एकेक चकती खात बसल्या आणि खाता खाताच आम्हाला सांगू लागल्या. तुमचा प्रोग्राम सेन्सरची वाट पाहून राह्यला. सेन्सर म्हणाला 'हात आला' तर थांबणार. तार तुटली, उंदरानं खाल्ली, तर सेन्सर काहीच म्हणणार नाही. आणि काहीच म्हणत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून मशीन चालू राहील. "आन् मी बी तेच धरलं," त्या म्हणाल्या. "कोणी गप हाय म्हणजे बरं हाय, असं कधीच समजू नका पोरीहो. गप झालं की थांबा, आन् जाऊन पाहा."

मग त्यांनी सगळं उलटं केलं. आता सेन्सरनं सारखं 'कोणी नाही, कोणी नाही' असं सांगत राहायचं आणि ते ऐकू येतंय तोवरच मोटार चालायची. आवाज बंद, की मोटार बंद. वहिनी वैतागल्या. तार जरा हलली की मशीन थांबायचं, म्हशी हंबरायच्या, शेजारी हसायचे. मॅडम म्हणायच्या, थांबू दे. तारा पक्क्या करता करता उन्हाळा उजाडला. मग एका दुपारी, ना प्राचार्य ना गाव, फक्त आम्ही असताना, त्यांनी आधी तार ओढून पाहिली, मशीन थांबलं. तार जोडली, नवी पट्टी बांधली, मशीन सुरू केलं आणि सरळ हात आत घातला.

मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा मशीन थांबलेलं होतं, मॅडमचा हात मनगटापर्यंत आत होता, शाबूत. आणि वहिनी! ज्यांनी स्वतः 'घाल हात' म्हटलं होतं, त्यांनी मॅडमच्या पाठीत असा काही धपाटा घातला की मॅडम कळवळल्या. "येडी झाली का बे तू," म्हणत वहिनी त्याच हातानं त्यांना पोटाशी धरून रडायला लागल्या. मॅडमना 'बे' म्हणणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मला पुण्यात नोकरी लागली. अशाच बोर्डांसाठी ड्रायव्हर लिहायची. निघताना मॅडमनी अट घातली, रोज सकाळी ऑफिसला पोचलीस की मले एक मिस कॉल. मी ऐकला की परत एक देईन. बोलायचं नाही, पैसे नि वेळ कशाला घालवायचा. मला हसू आलं. फोन आता फुकट आहेत मॅडम, म्हटलं. पण दिला. रोज माझा एक जायचा, त्यांचा एक परत यायचा.

एकदा तापानं फणफणले होते. सकाळी मिस कॉल राहिला, नंतर फोनच कुठंतरी पांघरुणात बंद पडला. दिवस मावळताना दार वाजलं. उघडते तर मॅडम, हातात कापडी पिशवी, केसांवर सगळ्या रस्त्याची धूळ. चिखलीहून पुण्याला! मी दाराला धरूनच उभी राहिले. माझ्या खोलीतली पार्टनर म्हणाली, अहो, एवढ्या लांबून, आधी मला तरी फोन करून विचारायचं होतं. मॅडमनी दिलेलं उत्तर तिला नीट कळलं नसावं, पण मला कळलं. "विचारलं असतं तं तू म्हणली असतीस, बरी हाय," त्या मला म्हणाल्या. मग पिशवीतून वहिनींनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी काढल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि न बोलता ओढणी ओली करायला गेल्या.

मागच्या वर्षी, पोळा होऊन गेला होता, मी नेहमीसारखा ऑफिसच्या जिन्यात मिस कॉल दिला. परत आला नाही. चहा घेतला. आला नाही. तास असेल, गाडी चालवत असतील, असं मन समजूत घालू लागलं नि त्याच क्षणी मला त्या अंगणातली खच खच ऐकू आली. मी फोन लावून विचारलं नाही. साहेबांना सांगितलं, मॅडमकडे जाते. कोण मॅडम, काय झालंय त्यांना, त्यांनी विचारलं. काय झालंय ते माहीत नाही म्हटलं, नि बसस्थानक गाठलं.

बसनं नगर सोडलं तेव्हा वहिनींचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, बायका रडत होत्या.

"पोरी, कुठी हायेस?"

"बसमध्ये, वहिनी. तुमच्याकडेच येतेय."

वहिनींचा आवाज फुटला.

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही सांगितलं, वहिनी. म्हणूनच निघाले."